वय झालं म्हणून ऐकू येत नाही? थांबा, त्यात रोगप्रतिकारशक्तीचाही हात असू शकतो

टीव्हीचा आवाज ३५ वर. आई स्वयंपाकघरातून ओरडते, "बाबा, जरा कमी करा!" आजोबांना ते ऐकूच येत नाही. मग कोणीतरी बाहेर येऊन रिमोट घेतं, आजोबा रुसतात आणि पुढचा अर्धा तास घरात कोणी कोणाशी बोलत नाही. हे आमच्या घरचं चित्र आहे, पण वाचताना तुम्हाला तुमचंही घर आठवलं असेल तर त्यात नवल नाही.

यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं, "वय झालं आता, चालायचंच." जुन्या स्कूटरचे पार्ट झिजतात तसे कानही झिजतात, असं आपण धरून चालतो. ते पूर्ण चूक नाही, पण अपुरं आहे. कारण गेल्या वीसेक वर्षांत संशोधकांना या झिजण्यामागे आणखी एक गोष्ट दिसू लागली आहे. आपल्याला रोगांपासून वाचवणारी रोगप्रतिकारशक्ती वयानुसार बिघडते, अंगात बारीक दाह कायमचा मुक्काम ठोकतो आणि त्याची झळ कानाच्या आतपर्यंत पोहोचते.

आता तुम्ही म्हणाल, पंचविशीत आम्ही हे कशाला वाचायचं? तर यातला सगळ्यात महत्त्वाचा धोका आजोबांच्या वयात नाही, आई-बाबांच्या वयात दिसतो. त्यावर पुढे येऊच.

आधी प्रश्न किती मोठा आहे ते बघू

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये श्रवणाबद्दलचा पहिला जागतिक अहवाल काढला. त्यानुसार जगात १५० कोटींहून जास्त लोकांना कमी-अधिक प्रमाणात ऐकू कमी येतं आणि २०५० पर्यंत हा आकडा जवळपास २५० कोटींवर जाईल. साठीच्या पुढच्या लोकांमध्ये दर चारातल्या एकापेक्षा जास्त जणांचा त्रास रोजचं जगणं अडवण्याइतका असतो.

भारताचं काय? संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये आपल्याकडे साठीच्या वरचे लोक साधारण १०.५ टक्के होते. २०५० पर्यंत ते २०.८ टक्के होतील. म्हणजे आज आपण इअरबड लावून रील बघणारे जे आहोत, त्यातले बरेच जण तेव्हा त्या रांगेत असतील.

कानात आत नेमकं काय असतं?

आपल्याला बाहेर दिसतो तो कान म्हणजे नुसता कर्णा. खरं काम आत, हाडात दडलेल्या वाटाण्याएवढ्या शंखात चालतं. गोगलगायीच्या पाठीवरच्या शंखासारखा गुंडाळलेला हा भाग म्हणजे कॉक्लिया. त्यात प्रत्येक कानाला साधारण १५ ते १६ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरी आल्या की या पेशींच्या टोकाचे सूक्ष्म केस हलतात, त्या हलण्याचं विजेच्या संदेशात रूपांतर होतं आणि नसेमार्फत तो मेंदूकडे जातो.

१५ हजार हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण हा आयुष्यभराचा स्टॉक आहे. त्वचेच्या पेशी नव्याने येतात, रक्ताच्या येतात, माणसाच्या कानातल्या केसपेशी मेल्या की मेल्या. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात. आपलं नशीब तेवढं चांगलं नाही.

या पेशींना चालवायला एक बॅटरीही लागते. शंखाच्या बाजूच्या भिंतीत बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेली एक पट्टी असते, स्ट्राया व्हॅस्क्युलॅरिस नावाची. ती आतल्या द्रवात ८० मिलिव्होल्टच्या आसपास दाब धरून ठेवते. ही बॅटरी उतरली तर केसपेशी जिवंत असूनही काम नीट करत नाहीत. फोन चांगला, पण चार्जिंग २ टक्के, अशातली गत.

बहुतेकांचे उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ ही अक्षरं नेमकी तिथे बसतात. म्हणून आजोबांना आपण बोलतोय हे कळतं, पण 'साठ' म्हटलं की 'आठ' ऐकू येतं. "ऐकू येतं रे, पण तू नीट बोलत नाहीस" ही त्यांची तक्रार खोटी नसते. त्यांच्या बाजूने बघितलं तर आपण खरंच पुटपुटतोय.

यात रोगप्रतिकारशक्ती कुठून आली?

बराच काळ डॉक्टरांची समजूत होती की कानाचा आतला भाग रोगप्रतिकार यंत्रणेपासून जवळपास अलिप्त आहे. रक्त आणि कानातला द्रव यांच्यामध्ये एक घट्ट अडथळा असतो, त्यामुळे रक्तातल्या सैनिकपेशी आत येत नाहीत, असं मानलं जायचं. नंतर कळलं की आत आधीपासूनच शिपाई तैनात आहेत. मॅक्रोफेज नावाच्या या भक्षक पेशी मेलेल्या पेशींचा कचरा गिळतात, रक्तवाहिन्यांची डागडुजी करतात, नसांवर लक्ष ठेवतात. तरुणपणी त्यांना सगळीकडे लांब फांद्या फुटलेल्या असतात. त्या फांद्यांनी त्या आजूबाजूचा परिसर चाचपत राहतात.

म्हातारपणी काय होतं? अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना वैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी मरणोत्तर दान मिळालेले मानवी कान तपासले आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. वयस्कर लोकांच्या कानात या पेशींचा आकार बदललेला दिसला. फांद्या आखडलेल्या आणि पेशी गोलसर झालेल्या. भक्षक पेशी असं रूप घेते तेव्हा सहसा तिचा अर्थ ती भडकलेली आहे असा होतो. सोसायटीचा वॉचमन गस्त घालायचं सोडून गेटवर दिवसभर शिट्ट्या मारत बसला, असं समजा.

आणि हे फक्त कानात होत नाही. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे टी-पेशी तयार होऊन शिकून बाहेर पडतात. तारुण्यानंतर ही ग्रंथी आक्रसत जाते आणि साठीपर्यंत तिच्यात बरीचशी चरबी उरते. नवे सैनिक भरती होत नाहीत, जुनेच राहतात, आणि ते जुने नव्या शत्रूला ओळखण्यात कच्चे पण गोंधळ घालण्यात पक्के असतात. एकीकडे संसर्गाशी लढायची ताकद कमी, दुसरीकडे विनाकारण दाह जास्त. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाचे शास्त्रज्ञ क्लाउदिओ फ्रांचेस्की यांनी २००० मध्ये या दुसऱ्या भागाला 'इन्फ्लेमेजिंग' हे नाव दिलं. इन्फ्लमेशन अधिक एजिंग.

हा दाह पाय मुरगळल्यावर येणाऱ्या सुजेसारखा नसतो. ती सूज दिसते, दुखते, चार दिवसांत उतरते. हा राखेखालच्या निखाऱ्यासारखा असतो. ताप नाही, दुखणं नाही, रक्ततपासणीत सीआरपी थोडं वर असलं तरच कुणकुण लागते. पण तो वर्षानुवर्षं धुमसतो आणि बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान करतो. कानातली बॅटरी नेमकी बारीक रक्तवाहिन्यांवर चालते, हे वर आलंच आहे.

म्हणजे दाहामुळे बहिरेपणा येतो हे सिद्ध झालंय?

इथे जरा सावकाश जाऊ, कारण इन्स्टाग्रामवर हाच टप्पा उडी मारून पार केला जातो.

पहिला पुरावा उंदरांचा. जपानच्या कान्साई वैद्यकीय विद्यापीठातल्या गटाने लवकर म्हातारे होणाऱ्या उंदरांची एक खास जात घेतली. हे उंदीर लवकर बहिरेही होतात. त्यांना तरुण उंदरांच्या रोगप्रतिकारक पेशी दिल्या, तेव्हा त्यांचं बहिरेपण रोखलं गेलं. दुसऱ्या प्रयोगांमध्ये अस्थिमज्जा बदलून तसाच परिणाम दिसला. कानाला हातही लावला नव्हता, बदलली होती ती रोगप्रतिकार यंत्रणा. मला या सगळ्या विषयात हा प्रयोग सगळ्यात जास्त चक्रावून गेला. पण उंदीर तो उंदीरच, आणि तोही मुद्दाम निवडलेल्या जातीचा.

दुसरा पुरावा माणसांचा, पण दुर्मिळ आजाराचा. एनएलआरपी३ नावाच्या जनुकात बिघाड असला की शरीरातली दाहाची घंटा सतत वाजत राहते. अशा काही रुग्णांना तरुणपणीच ऐकू येणं कमी होतं. २०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी अशा कुटुंबांचा अभ्यास छापला. त्यांच्या बहिरेपणामागे हेच जनुक निघालं आणि दाहाचा एक विशिष्ट संदेश अडवणारं अनाकिन्रा हे औषध दिल्यावर काहींची ऐकण्याची क्षमता सुधारली. दाह एकट्याच्या जोरावर कान घालवू शकतो आणि तो थांबवला तर काही कान परत येऊ शकतात, याचा याहून थेट पुरावा मिळणं अवघड. पण हे आजोबांना लागू होतं का? नाही. त्यांच्या बाबतीत वय, आवाज, साखर, औषधं, आनुवंशिकता अशा सगळ्यांची मिसळ असते.

तिसरा पुरावा सर्वसामान्य लोकांचा. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरमध्ये साठी-सत्तरीतल्या सुमारे ६०० जणांची तपासणी झाली. २०१२ मध्ये आलेल्या या अभ्यासात रक्तातल्या दाहाच्या खुणा ज्यांच्यात जास्त, त्यांचं ऐकणं कमी असा संबंध दिसला. संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नाही. पावसाळ्यात छत्र्या वाढतात म्हणून छत्रीमुळे पाऊस पडत नाही.

आता सुरुवातीला म्हटलेली गोष्ट. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बीव्हर डॅम गावातल्या लोकांच्या कानांचा अभ्यास वर्षानुवर्षं चालला. त्यात १० वर्षांचं सीआरपी तपासलं, तेव्हा सगळ्या वयांच्या लोकांना एकत्र धरल्यावर काही विशेष सापडलं नाही. पण साठीच्या आतल्या लोकांना वेगळं काढलं तेव्हा चित्र बदललं. ज्यांचं सीआरपी सतत जास्त होतं किंवा वाढत गेलं, त्यांच्यात श्रवणदोष येण्याची शक्यता जवळपास दुप्पट निघाली. साठीनंतर इतर कारणांची गर्दी इतकी होते की दाहाचा वाटा वेगळा काढता येत नाही, असा त्याचा एक अर्थ लावता येईल. म्हणजे काही करायचंच असेल तर ते पंचेचाळीस-पन्नासाव्या वर्षी. आजोबांचा रिमोट काढून घेणाऱ्या आपल्या आई-बाबांच्या वयात.

मग दाह कमी करायची गोळी घ्यायची का?

नाही. आणि हे 'नाही' मी जरा जोरात लिहितोय, कारण "अँटी-इन्फ्लमेटरी" असं छापलेल्या बाटल्या विकणाऱ्या रील सध्या उदंड झाल्यात. हळदीच्या कॅप्सूल, अमुक तेल, तमुक काढा, आणि खाली "कानाचा बहिरेपणा मुळापासून". हळद भाजीत घाला, छानच. पण तिने वयोमानानुसार गेलेलं ऐकू येतं, असं म्हणायला भक्कम पुरावा नाही.

इतकंच काय, खऱ्या औषधानेही हात टेकले. अ‍ॅस्पिरिन दाह कमी करतं, रक्त पातळ ठेवतं, मग कमी डोसमध्ये रोज दिलं तर कान वाचतील का, हे ऑस्ट्रेलियात तपासलं गेलं. सत्तरीच्या पुढच्या लोकांना ३ वर्षं कोणाला अ‍ॅस्पिरिन, कोणाला तशीच दिसणारी खोटी गोळी. २०२४ मध्ये निकाल आला, ऐकण्यात काही फरक नाही. ज्या मोठ्या चाचणीचा हा भाग होता, तिच्यात अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या निरोगी वृद्धांमध्ये मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण मात्र जास्त आढळलं होतं. तेव्हा हा लेख वाचून कोणी घरच्या आजी-आजोबांना अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये.

गोळी सोपी नसण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते मला जास्त पटतं. भक्षक पेशी नुसत्या खलनायक नाहीत. उंदरांवरच्या एका प्रयोगात केसपेशी मारल्यानंतर भक्षक पेशींना तिथे बोलावणारा संदेश तोडला गेला. त्या उंदरांमध्ये ऐकण्याच्या नसेतल्या पेशी जास्त मेल्या. म्हणजे त्या पेशी तिथे येऊन नसा वाचवत होत्या. शिट्ट्या मारतो म्हणून वॉचमनलाच काढून टाकलं तर चोरांचं फावणार. औषध असं हवं की गस्त चालू राहील आणि गोंगाट थांबेल. ते अजून बाजारात नाही.

मग हाती काय उरतं?

बरंच. फक्त ते कंटाळवाणं आहे, त्यामुळे त्याचं रील होत नाही.

अंगात धुमसता दाह ठेवणाऱ्या गोष्टी कोणत्या? पोटावरची चरबी, तंबाखू, सिगारेट, कमी झोप, दिवसभर बसून राहणं आणि मधुमेह. यातल्या मधुमेहाबद्दल भारतात वेगळं बोलायला हवं. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातल्या माहितीवरून २००८ मध्ये निघालेला निष्कर्ष असा की मधुमेह असलेल्यांमध्ये श्रवणदोषाचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट असतं. साखर वाढली की डोळे तपासा, पाय तपासा, किडनी तपासा हे आपल्याकडे आता लोकांना माहीत झालंय. कान तपासा हे फारसं कोणी म्हणत नाही.

आमच्या आजोबांना शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेलं तेव्हा हेच झालं. आधी कानातला मळ काढला (काही घरांतला प्रश्न इथेच सुटतो, त्यामुळे मशीनच्या दुकानात जाण्याआधी डॉक्टरकडे जा). मग काचेच्या खोलीत बसवून ऑडिओमेट्री. रिपोर्ट हातात देताना डॉक्टरांनी विचारलं, "शेवटची एचबीए१सी कधी केली होती?" आजोबा म्हणाले, "मी कानासाठी आलोय." आम्हालाही तेव्हा ते विचित्रच वाटलं होतं.

दुसरी गोष्ट आवाजाची. मोठा आवाज केसपेशींना थेट मारतोच, शिवाय त्यानंतर कानात भक्षक पेशींची धावाधाव सुरू होते. २००९ मध्ये हार्वर्डशी संलग्न शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की मोठ्या आवाजानंतर ऐकणं चाचणीत पूर्ववत दिसलं, तरी केसपेशी आणि नसा यांच्यातले बरेच जोड कायमचे तुटलेले होते. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर तीन तास नाचल्यावर रात्री कानात जो 'सूंऽऽ' येतो आणि सकाळी जातो, तो गेला म्हणजे हिशोब मिटला असं समजू नका. नाचू नका असं मी म्हणत नाही. भिंतीपासून लांब नाचा, कानात बोळे घाला. कोणी हसलं तर हसू दे.

तिसरी गोष्ट मशीनची. कानाचं मशीन दाह थांबवत नाही, गेलेल्या पेशी परत आणत नाही. पण माणूस घरातल्या बोलण्यात परत येतो. 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत, त्यात श्रवणदोषाचा वाटा ७ टक्के धरलाय. मशीन लावल्याने मेंदू वाचतो का, हे ९७७ वृद्धांवर ३ वर्षं तपासलं गेलं. २०२३ मधला तो निकाल संमिश्र होता. सगळ्यांना धरून फरक नाही, पण हृदयविकाराच्या जुन्या अभ्यासातून आलेल्या, जास्त जोखीम असलेल्या गटात बुद्धी मंदावण्याचा वेग ४८ टक्क्यांनी कमी. इथेही मधुमेह-बीपीवाल्यांनाच फायदा जास्त असावा, असा तर्क करायला जागा आहे.

पैशांचं म्हणाल तर महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना सहाय्यक साधनांसाठी एकदा ३,००० रुपये थेट खात्यात मिळण्याची तरतूद आहे, आणि यादीत श्रवणयंत्रही आहे. चांगल्या डिजिटल मशीनची किंमत त्याच्या कितीतरी पट असते. चष्मा, काठी, कमोड खुर्ची आणि कानाचं मशीन एकाच रकमेत बसवणाऱ्याने मशीनचा भाव विचारला होता का, असा प्रश्न पडतो. मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे तपासणी होते. जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या कान-नाक-घसा विभागातही विचारून बघा.

एक प्रकार मात्र या सगळ्याहून वेगळा आहे. सकाळी उठल्यावर किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं, तर तो सर्दीमुळे बसलेला कान समजून आठवडाभर वाट बघू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. अशा वेळी दाह उतरवणारी स्टेरॉइड दिली जातात आणि ती पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तरच फायद्याची शक्यता चांगली असते. घरात तेल कोमट करून कानात घालण्यात जातात ते दिवस यातूनच वजा होतात.